इलेक्ट्रिक ग्लायडरचं किट निवडताना आधी पंख बघा



आजचा विषय आहे रेडिओवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक ग्लायडरचं चांगलं किट कसं ओळखायचं. तुमच्यापैकी काहींनी अशी मॉडेल्स उडवली असतील, काहींनी फक्त व्हिडिओ बघितले असतील, आणि काहीजण मुलांसाठी घ्यायचं म्हणून आले असतील. तिघांनाही उपयोग होईल असं बोलण्याचा प्रयत्न करतो.

हा प्रश्न महत्त्वाचा का, ते आधी सांगतो. ग्लायडरचं किट म्हणजे दोन-तीन महिन्यांच्या संध्याकाळी आणि बऱ्यापैकी पैसे. किट वाईट निघालं तर दोन्ही पहिल्याच रविवारी मैदानात जातात. नवशिक्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. दोष वाकड्या पंखाचा असतो आणि छंद सोडतो माणूस. दुसरी गोष्ट सुरक्षेची. एक किलोचं मॉडेल ताशी ७२ किलोमीटरने खाली आलं, तर त्याची धडक सहाव्या-सातव्या मजल्यावरून एक किलोची वस्तू पडावी तेवढी असते. तेव्हा याला खेळणं म्हणताना थोडं जपून.

बाजारात किटची जाहिरात कशावर होते? खोक्यावरचं चित्र, पंखांची लांबी, मोटर किती ताकदीची, आणि 'पंधरा मिनिटांत तयार'. यातल्या कशावरूनही दर्जा कळत नाही. माझं आजचं म्हणणं एका वाक्यात सांगतो: ग्लायडरच्या किटचा दर्जा म्हणजे त्याच्या पंखाचा दर्जा. आणि पंखाच्या तीनच गोष्टी बघायच्या असतात: तो हलका आहे का, त्याचा कणा मजबूत आहे का, आणि तो अचूक आहे का. बाकी बहुतेक गोष्टी नंतर बदलता येतात. मोटर बदलता येते, बॅटरी बदलता येते, रेडिओ बदलता येतो. पंख बदलणं म्हणजे जवळजवळ नवीन विमान घेणं.

मोटर कशासाठी असते

उन्हाळ्यात दुपारी घार बघा. पंख न हलवता गोल गोल फिरते आणि वर वर जाते. तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचा झोत वर चढत असतो, त्याला थर्मल म्हणतात. घार त्या झोताच्या आत राहून फिरते. ती हवेतून खालीच येत असते, पण हवा तिच्यापेक्षा जास्त वेगाने वर जात असते. ग्लायडरचा सगळा खेळ हाच आहे.

आता त्या झोतापर्यंत पोहोचायला सुरुवातीची उंची लागते. पूर्वी दोरीने ओढून किंवा लांब रबराने ताणून ग्लायडर वर सोडत. इलेक्ट्रिक ग्लायडरमध्ये नाकात छोटी मोटर असते. ती वीस-तीस सेकंद चालवायची, मग बंद करायची. प्रॉपेलरची पाती मिटून नाकाला चिकटतात आणि पुढे सगळं काम पंखाचं. म्हणजे तुमचं विमान हवेत असतं त्यातला बहुतेक वेळ मोटर बंद असते. तरीही लोक किट निवडताना पहिला प्रश्न मोटरचा विचारतात!

याचा थोडा इतिहास आहे. जर्मनीत ग्राउपनर नावाच्या मॉडेल कंपनीत फ्रेड मिलिट्की नावाचे अभियंते होते. त्यांनी १९६० च्या सुमारास 'सिलेंटियस' नावाचं छोटं इलेक्ट्रिक मॉडेल किटच्या रूपात आणलं. त्याच मिलिट्कींच्या कल्पनेतून २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियातल्या वेल्स इथे माणूस बसलेलं इलेक्ट्रिक मोटार-ग्लायडर उडालं. चालवणारे होते हाइनो ब्रडिच्का. म्हणजे बॅटरीवर माणूस उडण्याच्या आधी मॉडेल ग्लायडर उडालं होतं.

त्या काळात अडचण होती बॅटरीच्या वजनाची. निकेल-कॅडमियमच्या सात सेलची बॅटरी साधारण ४०० ग्रॅमची. आज तेवढीच ऊर्जा साठवणारी तीन सेलची लिथियम-पॉलिमर बॅटरी, जिला आपण लायपो म्हणतो, ११० ग्रॅमच्या आसपास येते. एक किलोच्या विमानात जवळजवळ ३०० ग्रॅमची बचत! त्यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते. जुना आराखडा अजून किट म्हणून विकला जात असेल, तर त्याच्या नाकाची लांबी जड बॅटरी धरून ठरवलेली असते. त्यात हलकी लायपो घातली की तोल साधायला नाकात शिसं भरावं लागतं. म्हणून विक्रेत्याला विचारा, हा आराखडा कोणत्या बॅटरीसाठी काढला आहे?

पहिली कसोटी: पंखावरचा भार

आता पहिला आकडा. विमानाचं उडण्याच्या तयारीतलं एकूण वजन भागिले पंखाचं क्षेत्रफळ. याला विंग लोडिंग म्हणतात, आपण पंखभार म्हणू. मॉडेलवाले तो ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटरमध्ये सांगतात. डेसिमीटर म्हणजे दहा सेंटिमीटर.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. पंखांचा विस्तार दोन मीटर, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत. सरासरी रुंदी १९ सेंटिमीटर. क्षेत्रफळ झालं ३८ चौरस डेसिमीटर. विमानाचं वजन ९५० ग्रॅम असेल तर पंखभार २५. तेच विमान जड लाकूड, जास्त गोंद, मोठी मोटर असं करत करत १३७० ग्रॅमला गेलं, तर पंखभार ३६. बाहेरून दोन्ही विमानं सारखीच दिसतील. फोटोत तर काहीच फरक कळणार नाही.

हवेत काय होतं? पंखभार २५ असलेलं विमान ताशी सुमारे २४ किलोमीटरपर्यंत हळू उडू शकतं. त्याखाली ते पडायला लागतं. पंखभार ३६ असलेल्याला किमान ताशी २९ किलोमीटर लागतात. वेग वीस टक्के वाढला. हे ठीक वाटतं, पण पुढचं बघा. वळणाचं वर्तुळ वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. विमान तीस अंश कलवून फिरवलं, तर हलक्या विमानाचं वर्तुळ साधारण २३ मीटर व्यासाचं होतं आणि जड विमानाचं ३३ मीटर. जमिनीजवळ थर्मल अरुंद असतो. २३ मीटरचं वर्तुळ त्यात मावेल, ३३ चं अर्धं बाहेर राहील. म्हणजे घार वर जाते आहे, शेजारचं मॉडेल वर जातं आहे, आणि आपलं मात्र खाली येतं आहे. त्यात उडवणाऱ्याचा काही दोष नसतो.

आपल्याकडे या गोष्टीला आणखी एक कारण जोडलं जातं, ते म्हणजे नियम. भारताच्या ड्रोन नियम २०२१ मध्ये २५ किलोपर्यंतचं, शिक्षण, संशोधन किंवा करमणुकीसाठी नजरेच्या टप्प्यात उडवलेलं रिमोटचं विमान 'मॉडेल' म्हणून धरलं आहे. हिरव्या क्षेत्रात, म्हणजे जिथे आगाऊ परवानगी लागत नाही तिथे, उंचीची मर्यादा ४०० फूट म्हणजे १२० मीटर आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फूट, म्हणजे ६० मीटर. पुण्याचा बराच भाग लोहगाव विमानतळापासून एवढ्या अंतराच्या आत येतो, हे ध्यानात घ्या. कुठेही उडवण्याआधी सरकारच्या डिजिटल स्कायवरचा नकाशा बघणं आवश्यक आहे. आता विचार करा: ज्याला १२० मीटरच्या आतच थर्मल पकडायचा आहे, त्याला लहान वर्तुळात फिरणारं विमान हवं. उंच जाऊन वेळ काढण्याची सोय आपल्याला नाही. हलका पंख ही इथे चैन राहत नाही.

जगभरच्या स्पर्धांमध्येही हेच दिसतं. एफ-५-जे नावाचा आंतरराष्ट्रीय स्पर्धाप्रकार आहे. त्यात मोटर जास्तीत जास्त तीस सेकंद चालवायची आणि मग दहा मिनिटं तरंगायचं. विमानातलं उपकरण सुरुवातीची उंची नोंदवतं आणि प्रत्येक मीटरमागे अर्धा गुण कापला जातो. २०० मीटरच्या वर गेलात तर मीटरमागे तीन गुण. म्हणजे जो कमी उंचीवरून सुरुवात करून टिकतो तो जिंकतो. साहजिकच तिथली विमानं अत्यंत हलकी असतात.

अजून एक. परदेशी पुस्तकातले वेग तिथल्या थंड हवेचे असतात. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच. एप्रिलच्या दुपारी पस्तीस अंश तापमान धरलं, तर हवा प्रमाण हवेपेक्षा बारा-तेरा टक्के विरळ असते. विमानाला सात टक्के जास्त वेग लागतो. जड किट तिकडे चालून गेलं तरी इथे अंगाशी येतं.

तर दोन मीटरच्या पहिल्या ग्लायडरसाठी पंखभार २० ते २८ च्या दरम्यान असावा. आणि हो, खोक्यावर लिहिलेलं वजन बॅटरीसकट आहे की रिकाम्या सांगाड्याचं, हे विचारायला विसरू नका.

दुसरी कसोटी: कणा

हलकं हवं म्हटल्यावर कुणीही पातळ लाकूड घालून हलकं करेल. म्हणून दुसरी कसोटी. पंखाच्या आत मुळापासून टोकापर्यंत जाणारा जो आधार असतो त्याला स्पार म्हणतात. तो पंखाचा कणा.

त्याच्यावर किती ताण येतो? आपलंच ९५० ग्रॅमचं विमान घ्या. ते थर्मलमधून बाहेर काढताना किंवा घाबरून नाक खाली गेल्यामुळे ताशी ७२ किलोमीटर वेगाला पोहोचलं आणि तुम्ही एकदम नाक वर खेचलं. हा वेग किमान वेगाच्या तिप्पट आहे. पंखावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळजवळ नऊपट. ९५० ग्रॅमच्या विमानाचे पंख त्या क्षणी साडेआठ किलो उचलत असतात. प्रत्येक बाजूला सव्वाचार किलो, आणि तो जोर मुळापासून साधारण ४२ सेंटिमीटरवर. पंखाची जाडी मुळाशी जेमतेम दोन सेंटिमीटर. तराजूच्या दांडीचा हिशोब करा: कण्याच्या वरच्या पट्टीवर दाब आणि खालच्या पट्टीवर ओढ, दोन्ही १०० किलोच्या आसपास येतात! पंखाच्या स्वतःच्या वजनाने त्यातलं थोडं कमी होतं, पण विचार करा, बोटाएवढ्या रुंदीच्या पट्टीवर एका माणसाहून जास्त भार.

म्हणून किट बघताना चार गोष्टी विचारा. एक, कण्याच्या वरच्या आणि खालच्या पट्ट्या कशाच्या आहेत? कार्बन किंवा सरळ रेषांचं स्प्रूस लाकूड चांगलं. मुळाशी नुसता बाल्सा असेल तर सोडून द्या. दोन, या दोन पट्ट्यांच्या मध्ये उभी भिंत आहे का? तिला शिअर वेब म्हणतात. तिच्या लाकडाच्या रेषा उभ्या हव्यात, आडव्या असतील तर ती चिरते. ही भिंत नसली तर दोन्ही पट्ट्या एकमेकींवर सरकतात आणि वरची पट्टी दाबाखाली वाकून मोडते. तीन, कण्याच्या पुढचा भाग बाल्साच्या पातळ पत्र्याने बंद केलेला आहे का? तो इंग्रजी डी अक्षरासारखा बंद डबा होतो आणि पंखाला पिळवटू देत नाही. चार, पंखाचे दोन भाग जिथे जोडले जातात तिथली कांडी कशाची आहे आणि ती पंखात किती आत जाते? बरेच पंख मध्यावर न मोडता ही कांडी जिथे संपते तिथे मोडतात, कारण ताण तिथे अचानक बदलतो. चांगला आराखडा तिथे आधार हळूहळू कमी करत नेतो.

तिसरी कसोटी: अचूकपणा

पंख आडवा कापला तर जो आकार दिसतो त्याला एअरफॉइल म्हणतात. मोठ्या प्रवासी विमानाच्या पंखावरची हवा आणि आपल्या छोट्या पंखावरची हवा फार वेगळी वागते. याचं माप रेनॉल्ड्स अंकाने होतं. जेट विमानासाठी हा अंक कोटींच्या घरात, आपल्या ग्लायडरसाठी एक लाखाच्या आसपास. एवढ्या कमी अंकाला हवा पंखाच्या पाठीवरून सहज सुटते. थोडा उंचवटा आला, खळगा आला, की ती सुटून परत चिकटते किंवा चिकटतच नाही. मग विमान जास्त वेगाने खाली येतं.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत प्रिन्स्टन विद्यापीठात मायकेल सेलिग, जॉन डोनोव्हन आणि डेव्हिड फ्रेझर यांनी मॉडेलच्या एअरफॉइलची हवाबोगद्यात चाचणी केली. पन्नासहून जास्त आकार तपासले. त्यांचं 'एअरफॉइल्स ॲट लो स्पीड्स' हे पुस्तक १९८९ साली आलं. त्यात मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ही, की त्यांनी प्रत्येक नमुना मूळ आकाराशी किती जुळतो, हेही मोजून नोंदवलं. म्हणजे कागदावर आकार चांगला असणं आणि हातात आलेला पंख तसा असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे गृहीत धरूनच काम केलं. त्यातला एसडी७०३७ हा आकार आजही बऱ्याच ग्लायडरमध्ये सापडतो.

पुढे एमआयटीचे मार्क ड्रेला यांनी हलक्या ग्लायडरसाठी एजी मालिकेतले आकार काढले. त्यांच्या 'बबल डान्सर' या तीन मीटरच्या लाकडी ग्लायडरसाठी वापरलेल्या आकारांचा खालचा मागचा भाग मुद्दाम सपाट ठेवला आहे. कशासाठी? तर टेबलावर पंख सपाट ठेवून बांधता यावा आणि घरी बांधणाऱ्याच्या हातूनही तो अचूक व्हावा. चांगल्या किटची हीच खूण आहे. ते तुमच्याकडून असामान्य कौशल्याची अपेक्षा ठेवत नाही, चूक होणारच नाही अशी रचना देतं.

हातात किट आलं की अचूकपणा तपासणं सोपं आहे. लेझरने कापलेल्या बरगड्या, म्हणजे रिब्ज, एकावर एक रचा. ज्या सारख्या मापाच्या आहेत त्या तंतोतंत बसायला हव्यात. साच्याने ठोकून कापलेल्या असतील तर कडा बघा. बोथट साचा बाल्सा कापत नाही, चिरडतो. तयार पंख असेल तर तो जाड काचेवर किंवा ओट्याच्या ग्रॅनाइटवर ठेवा आणि मागच्या कडेकडून एक डोळा मिटून बघा. डाव्या-उजव्या पंखाचा पीळ सारखा हवा. दोन्ही पंख स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, फरक चार-पाच ग्रॅमपेक्षा जास्त नको. पतंग एका बाजूला झुकत राहिला तर आपण दुसऱ्या बाजूला चिंधी बांधायचो. विमानात तशी चिंधी बांधली तर वजनाचा तोल सुधारतो, पीळ तसाच राहतो.

लाकूड, फोम की कार्बन

आता लोकांचा आवडता वाद. माझ्या मते तिन्हींत चांगली आणि वाईट किट असतात.

बाल्सा मुख्यतः इक्वेडोरमधून येतो. त्याची घनता फार बदलते. एका घनमीटरला १०० किलोपासून २०० च्या वरपर्यंत. दोन पत्रे दिसायला सारखे, पण एक दुसऱ्याच्या दुप्पट जड. म्हणून चांगली कंपनी लाकूड निवडून देते. बरगड्यांना ताठ लाकूड, गोलाई द्यायच्या भागाला लवचिक, आणि शेपटीला सगळ्यात हलकं. शेपटीला का? आपल्या विमानात शेपटी गुरुत्वमध्यापासून सत्तर सेंटिमीटर मागे आणि नाकातली बॅटरी पंचवीस सेंटिमीटर पुढे असते. शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात जवळजवळ तीन ग्रॅम वाढवावे लागतात. शेपटीचं लाकूड हातात घेऊन बघा. त्यावरून किट बनवणाऱ्याने किती विचार केलाय ते कळतं.

फोममध्ये ईपीओ नावाचा चिवट फोम वापरतात. जर्मनीच्या मल्टिप्लेक्सचा १.८ मीटरचा 'इझी ग्लायडर' आणि दोन मीटरचा 'रेडियन' ही याची माहितीतली उदाहरणं. फोम पडला तरी गोंदाने जुळतो, संध्याकाळी परत उडतो. शिकताना ही फार मोठी गोष्ट आहे. पण फोमच्या पंखात कार्बनची नळी आहे का आणि ती कुठपर्यंत जाते ते बघा. नळी अर्ध्यावर संपली असेल तर टोकं वेगात फडफडतात. आणि मे महिन्यात बंद गाडीत काचेमागे फोमचा पंख ठेवला, तर तो पिळवटून निघतो.

साच्यातून काढलेले कार्बन-ग्लासचे पंख सगळ्यात अचूक आणि सगळ्यात महाग. त्यांची दुरुस्ती घरी अवघड. ते दुसऱ्या-तिसऱ्या विमानासाठी ठेवा. त्यात एक खास गोष्ट तपासा. कार्बन रेडिओलहरी अडवतो. नाकाचा भाग ग्लास किंवा केव्हलारचा हवा, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या रिसीव्हरचा संपर्क तुटत नाही. सगळंच कार्बन असेल तर अँटेना बाहेर काढायची जागा आहे का ते विचारा.

मोटर आणि बाकीचं

शेवटी मोटरकडे येऊ. एक साधा अंदाज पुरतो: एक किलो वजनाला २०० वॉट. तीन सेलची बॅटरी ११.१ व्होल्टची, प्रवाह २० अँपिअर, म्हणजे २२२ वॉट. त्यातली साधारण निम्मी शक्ती उष्णतेत आणि प्रॉपेलरमध्ये वाया जाते. तरी विमान हिशोबाने सेकंदाला दहा मीटरच्या जवळपास चढू शकतं. म्हणजे १०० मीटर उंचीला दहा-पंधरा सेकंद. याहून जास्त मोटर घेऊन काय करणार? तिचं वजन मात्र पूर्ण वेळ वाहायचं. १३०० मिलिअँपिअर-तासाची बॅटरी २० अँपिअरला, तळाशी वीस टक्के शिल्लक ठेवून, तीन मिनिटं पुरते. पंधरा सेकंदांची एक चढाई धरली तर बारा चढाया. एका दुपारला पुष्कळ झालं.

आणि किटची पुस्तिका मागा. गुरुत्वमध्य मिलिमीटरमध्ये दिलाय का? पंख आणि शेपटीमधला कोन दिलाय का? नियंत्रणपट्ट्या किती हलवायच्या ते दिलंय का? एकच पंख किंवा एकच शेपटी सुटी मिळते का? या चार प्रश्नांना उत्तर नसेल, तर खोक्यात लाकूड आहे, विमान नाही.

श्रोत्यांचे प्रश्न

*प्रश्न: मुलगा बारा वर्षांचा आहे. त्याच्यासाठी काय घेऊ?*

फोमचा, १.८ ते २ मीटरचा, शक्यतो रडर आणि एलेव्हेटर एवढीच नियंत्रणं असलेला. वर झुकलेले पंख त्याला आपोआप सरळ करतात. आधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर दहा-बारा तास. पहिली उड्डाणं अनुभवी माणसाबरोबर, रिकाम्या मैदानात. आणि लायपो बॅटरी मोठ्यांनीच चार्ज करायची, समोर बसून, फरशीवर.

*प्रश्न: हल्ली थ्रीडी प्रिंटरवर पूर्ण विमान छापतात. ते किटपेक्षा स्वस्त पडेल का?*

स्वस्त पडेल. पण नेहमीचं पीएलए प्लास्टिक बाल्सापेक्षा सात-आठपट घन असतं. फुगणारं हलकं पीएलए मिळतं, त्याने फरक पडतो. तरी ते साठ अंशांच्या आसपास मऊ होतं आणि आपल्याकडे उन्हात उभ्या गाडीत तेवढं तापमान सहज होतं. मोटरचा पाया, सर्वोची चौकट असे छोटे भाग जरूर छापा. पंखाला मात्र आजच्याच तीन कसोट्या लावा: वजन, कणा, अचूकपणा. त्यात उतरला तर प्रिंटरचा असला तरी माझी हरकत नाही.

*प्रश्न: जुनं, कुणीतरी उडवलेलं मॉडेल घ्यावं का?*

घ्यावं, पण पंख हातात घेतल्याशिवाय नको. मुळाशी धरून टोक हलकेच वर-खाली करा आणि कान द्या. करकर आवाज आला तर कण्याचा जोड सुटलाय. कांडी तिच्या नळीत हलत असेल तर पडलेलं विमान आहे. मालकाने रंगाची नवी पट्टी कुठे लावली आहे, तेही बघा. तिच्याखाली दुरुस्ती असते. दुरुस्ती असायला हरकत नाही. ती कण्यावर आहे की नुसत्या कडेवर, एवढंच विचारा आणि त्याप्रमाणे किंमत ठरवा.

वेळ संपली आहे. दुकानात गेलात की वजनकाटा आणि मोजपट्टी बरोबर न्या. दुकानदार हसेल, हसू दे.